कसब्यातलं आभाय

अकोल्याला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी भिंत दिसली की माझी मान अजून वर जाते. काल बँकेच्या रांगेत उभी असताना समोरच्या सिमेंटच्या जाहिरातीकडे इतका वेळ बघत राहिले, की मागच्या बाईनं खांदा हलवून मला पुढे सरकवलं. आमच्या गावात भिंती वाचायच्या असतात, बघायच्या नसतात. सिमेंट, शिकवणी वर्ग, मूळव्याध आणि ‘येथे घाण करू नये’, एवढं वाचलं की भिंत संपली. पुण्यात पाच दिवस राहिले आणि ही सवय मोडली ती मोडलीच.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढते. पस्तीस वर्षं एकाच छापखान्यात हेच केलं. जेवायला गेले तर हॉटेलातलं मेनूकार्ड तपासते आणि लग्नाला गेले तर पत्रिका. माझ्या नातेवाइकांनी मला पत्रिका पाठवणं कधीच बंद केलंय, तोंडी आमंत्रण देतात. आमच्या कामात खुणा बऱ्याच असतात: हे गाळा, हे जोडा, इथे जागा सोडा. त्यांतली एक मी फार कमी वापरली. खोडलेला शब्द मुळात बरोबरच होता असं उशिरा लक्षात आलं, तर त्याच्याखाली टिंबांची रांग द्यायची आणि समासात लिहायचं, ‘राहू द्या’. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण खोडणारी बहुतेक वेळा मीच असते.

तर एका निवृत्त प्राध्यापकांचं हस्तलिखित तपासायला आलं. विषय पुण्यातली ग्राफिटी, म्हणजे भिंतीवर रंगाच्या फवाऱ्यानं काढलेली अक्षरं आणि चित्रं. भाषा निर्दोष होती, पण अख्ख्या पुस्तकात एकही चित्रकार स्वतः एक वाक्य बोलत नव्हता. मी पानोपानी समासात लिहीत गेले, ‘चित्रकार काय म्हणतात?’ शेवटी प्राध्यापकांनी वैतागून, या वयात शिड्यांखाली उभं राहणं मला जमणार नाही, असं कळवलं. आमचे मालक म्हणाले, “मग बाई, तुम्हीच विचारून या की.” त्यांना वाटलं मी गप्प बसेन. मी बॅग भरली. ठरलं ते एवढंच, की पुस्तकाला एक शेवटचं प्रकरण जोडायचं आणि त्यात माणसं त्यांच्या स्वतःच्या शब्दांत बोलतील.

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. गाडी उशिरा पोचली, एवढं पुरे.

धायरी, शुक्रवार

माझी भाची मंजिरी धायरीत राहते, नवव्या मजल्यावर. पहिल्याच सकाळी तिच्यासाठी वडी करावी म्हणून खाली भाजीवाल्याकडे गेले आणि म्हटलं, सांबार द्या. तो थंडपणे म्हणाला, “पुढच्या चौकात अण्णांचं हॉटेल आहे. इडलीबरोबर देतात.” आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे मी समजावून सांगितल्यावर त्यानं जुडी हातात दिली आणि म्हणाला, “मग कोथिंबीरच म्हणावं ना माणसानं.” आयुष्यभर लोकांना दुरुस्त करणारी मी, भर रस्त्यात दुरुस्त होऊन वर आले. मंजिरीला सांगितलं तर ती इतकी हसली की चहा सांडला.

दुपारी सागरकडे गेले. त्याचा नंबर प्राध्यापकांनी दिला होता. धायरी एके काळी गाव होतं, आणि अजूनही सोसायट्यांच्या मधोमध एखादा गोठा तग धरून असतो. सागर तिशीच्या आतला, चुलत्यांच्या दुधाच्या धंद्यात. सकाळ-संध्याकाळ म्हशी आणि मधल्या वेळात भिंती. भिंतीवर सही म्हणून जे नाव टाकतात त्याला ही मंडळी टॅग म्हणतात. सागरचा टॅग आहे ‘धार’. मला वाटलं तलवारीची. तो म्हणाला, “न्हाय ओ मॅडम, म्हशीची. धार काढतो म्हणून धार.”

त्यानं मला गोठ्याच्या मागच्या बाजूला नेलं आणि मी खरंच एक पाऊल मागे घेतलं. समोर विहीर होती. अख्ख्या भिंतीवर, वरून खाली पाहताना दिसावी तशी. काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत उतरत तळाशी गेलेल्या, आणि तळाला जेमतेम ताटाएवढं पाणी, त्यात उलटी पडलेली एका मुलीची सावली. मी उभी होते सपाट जमिनीवर, भर उन्हात, आणि पडायच्या भीतीनं गोठ्याचा खांब धरला होता. एवढं मोठं आश्चर्य मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सागर शेजारी उभा राहून मोबाइल बघत होता. बघणाऱ्यांच्या या पाऊल मागे घेण्याची त्याला सवय झाली असावी.

“आमची हीर व्हती,” तो म्हणाला. “तिथं आता ह्यांचं पार्किंग हाय. गाडी लावायला येत्यात, हिकडं बघत्यात आन् दचकत्यात. दचकू दे. खाली काय हाय ते ठावं असावं.”

मी वहीत लिहिलं, ‘आमची विहीर होती.’ तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्याच्या चुलतीनं गोठ्याच्या ओट्यावर पिठलं-भाकरी दिली. भाकरी बाजरीची, पिठलं आमच्यापेक्षा पातळ आणि मिरची आमच्यापेक्षा भित्री. मी बरोबर आणलेला ठेचा पुढे केला. सागरनं बोटभर चाखला आणि तांब्या तोंडाला लावला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं मला त्यांच्यातले नियम सांगितले. ज्याची भिंत आहे त्याला विचारायचं, निदान तो तरी विचारतो. देवळाला, कुणाच्या समाधीला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे दुसऱ्याच्या कामावर आपला रंग मारायचा नाही. मी विचारलं, एखादं काम चुकलेलं असेल तर? काही सांगावंसं वाटलं तर? तो म्हणाला, “बाजूला लिव्हा, खाली लिव्हा, कायबी लिव्हा. अंगावर चढायचं न्हाय.”

मग त्यानं रंगाचा कॅन माझ्या हातात दिला. आत एक गोळी असते, कॅन हलवला की ती टकटक वाजते. तोंडाला छोटं प्लास्टिकचं टोपण, त्याला कॅप म्हणतात, आणि कुठली कॅप लावली यावर रेघ बोटाएवढी की हाताएवढी ते ठरतं. मी चष्मा सावरला, भिंतीवर नेम धरला, दाबलं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट निळं करून घेतलं. कॅपचं तोंड माझ्याकडे होतं. रॉकेल, खोबरेल तेल, मंजिरीचं नेलपॉलिश काढायचं पाणी, काही म्हणता काही उपयोग झाला नाही.

निघताना सागर म्हणाला, “आमचं काय, आम्ही चित्रं काढतो. अक्षर बघायचं आसंल तर ळवालीला भेटा.”

खराडी, शनिवार

ळवाली भेटायच्या आधी तिचे ळ भेटले. मंजिरीच्या गाडीतून शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाताना मी मोजायचं ठरवलं आणि थोड्याच वेळात मोजणं सोडलं. पंपहाउसच्या भिंतीवर एक, बंद पडलेल्या गॅरेजच्या शटरवर एक, आणि एका पडक्या कुंपणावर तर ळच्या एका गोलातून खरं पिंपळाचं रोप उगवलेलं. दुसरा शब्द नाही, नाव नाही, नुसता ळ. पण प्रत्येक वेगळा. कधी गलेलठ्ठ, कधी एका रेघेचा, कधी दोन्ही गोल एकमेकांकडे पाठ करून रुसलेले. मी या अक्षराकडे पस्तीस वर्षं बघते आहे आणि ते इतकं देखणं आहे हे मला माहीत नव्हतं.

खराडीत काचेच्या उंच इमारतींच्या मध्ये एका नव्या बांधकामाला पत्र्याचं कुंपण घातलं होतं. बांधकामवाल्यांनीच तिला पत्रे रंगवायला दिले होते. ती तिथे काम करत होती, तोंडाला मास्क, डोक्याला फडकं, पायात ऑफिसचेच बूट. नाव प्रज्ञा, वय तीसच्या आसपास, त्याच काचांपैकी एका इमारतीत नोकरी. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. मी म्हटलं, म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या. ती मास्कच्या आत हसली असावी, डोळ्यांवरून वाटलं.

बोलायच्या आधी तिनं हातातला ळ पुरा करून घेतला. ते मी कधी विसरणार नाही. ती पत्र्यापासून दोन हात मागे सरकली, श्वास घेतला आणि पहिला गोल एका दमात काढला. मनगट नाही, कोपर नाही, अख्खं अंग गोल फिरलं. तिच्याहून हातभर उंच अक्षर, आणि रेघ कुठेही थांबली नाही की थरथरली नाही. रंग ओघळायच्या आत हात पुढे गेलेला असायचा. मग दुसरा गोल उलट दिशेनं. जेवायला बाहेर पडलेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दहा-बारा मुलं थांबली होती. पिशवीतला रेकॉर्डर काढायचंही मी विसरले, आणि एका अक्षरासाठी असं व्हावं याचं मलाच नवल वाटलं.

रेकॉर्डर सुरू केला. सुरुवातीला ती जपून, छापील मराठीत बोलत होती, मधे मधे इंग्रजी. मग तिनं विचारलं, “तुम्ही कुठल्या, मॅडम?”

मी म्हटलं अकोल्याची.

ती थांबली. मास्क खाली ओढला. “मी मूर्तिजापूरकडची,” ती म्हणाली, आणि पुढचा तास रेकॉर्डरमध्ये जे आहे ते आमच्या वऱ्हाडाचं आहे. वऱ्हाडात ळ जिभेवर येत नाही, त्याचा य होतो. डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया. पुण्यात पहिल्या वर्षाला असताना ती वर्गात उभी राहून काहीतरी वाचत होती आणि ‘आमच्या शायेत’ म्हणाली. मागच्या बाकावरून कुणीतरी ते परत म्हणून दाखवलं. वर्षभर तिचं नाव शाया होतं. खोलीतली मैत्रीण भली होती, तिनं आरशासमोर उभं करून जीभ कशी मागे वळवायची ते शिकवलं. जीभ वळली, आणि तेव्हापासून भिंतीवर ळ सुरू झाला.

लोकांना वाटतं हिचं या अक्षरावर प्रेम आहे. तिचे ळ मोबाइलवर फिरतात, खाली मराठीच्या अभिमानाचे मजकूर असतात. यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत देते, कसं देते ते पुढे कळेल. “शायेत चुकलेला शब्द शंभर खेप लिहाले लावत ना, तसं हाय हे. मी अजून लिहूनच राह्यली.”

आणि अक्षर एवढं मोठं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “माह्या बाबाचं अक्षर भल्लं सुंदर. जयंतीले विहाराच्या भित्तीवर निया रंगानं तेच लिहीत, मी डबा धरून उभी राहो. पण आपल्याकडे आभाय एवढं मोठ्ठं, की अक्षर कितीबी मोठं काढा, लहानच दिसे. इथं येऊन पाह्यलं तं आभायाची नुसती पट्टी. मंग मी अक्षरच मोठं करत गेली.”

आम्ही दोघींनी मिळून माझ्या डब्यातली सांबारवडी खाल्ली. रविवारी कसबा पेठेत तिला एक भिंत मिळाली होती, आतापर्यंतची सगळ्यांत मोठी. तिथे या, म्हणाली.

कसबा पेठ, रविवार

शनिवारी संध्याकाळीच मंजिरीच्या टेबलावर बसून मी प्रज्ञाचं सगळं बोलणं लिहून काढलं होतं. सुंदर अक्षरात, सात पानं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, स्वच्छ होतं.

कसबा पेठेत गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांतून मीठ-साखर देता यावी. तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज एकसारखा चालू. भिंतीचे मालक म्हणजे भांड्यांच्या दुकानाचे तात्या, सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशात खडू. भांड्यांवर मापाच्या खुणा करायला लागतो. दुकानाची बाजूची भिंत त्यांनी प्रज्ञाला एका अटीवर दिली होती. ती अट त्यांनी मलाही ऐकवली: “काय काढायचं ते काढा. फक्त शुद्ध काढा. इथून जाणारी माणसं वाचतात.” मला हे गृहस्थ फार आवडले.

भिंतीवर खडूनं मोठ्या ळची आखणी झाली होती. प्रज्ञा शिडीवरून उतरली, हात पुसले आणि तिथेच पायरीवर बसून माझी पानं वाचू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कौतुक ऐकायच्या तयारीनं. तिसऱ्या पानावर ती थांबली. मग पुढची पानं नुसती उलटली आणि सगळी नीट जुळवून माझ्या हातात दिली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. स्वच्छ, छापील मराठीत. “पण हे मी बोललेले नाही.”

मी पान उघडून पाहिलं. ‘माझ्या बाबांचं अक्षर फार सुंदर होतं. आपल्याकडे आभाळ एवढं मोठं, की…’ एकूण एक ळ जागेवर. शाळा, निळा, आभाळ. मी हे मुद्दाम केलं नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ऐकता ऐकताच माझ्या हातानं तिला दुरुस्त केलं होतं.

मी म्हणाले, छापताना असंच करतात, बोलणं थोडं नीट करून घेतात.

“मॅडम, चूक आणि वेगळं यातला फरक शोधायचाच मला पगार मिळतो,” ती म्हणाली. “कॉलेजातले निदान तोंडावर हसले. तुम्ही आपल्याकडच्या, म्हणून मी मोकळी बोलले. हे छापू नका.”

मग तिनं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरची ळची आखणी पुसायला लागली. मी उभी होते. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तात्यांनी दुकानातून विचारलं, आज सुट्टी आहे का म्हणून. मी निघाले.

रिक्षात बसले आणि मला माझी आई आठवली. आई डोये म्हणायची, केयं म्हणायची, आभाय भरून आलं म्हणायची. मी छापखान्यात नवीन लागले होते तेव्हा एकदा मालक सहकुटुंब घरी जेवायला आले होते. आई वाढताना म्हणाली, “केयं घ्या ना.” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आई, केळं.” आईनं केळी वाढली आणि पाहुणे जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. पुढेही माझ्या ओळखीचं कुणी आलं की ती स्वयंपाकघरातच राही. मी त्याला तिचा स्वभाव समजत आले. रिक्षात मला रडू आलं, आणि रिक्षावाल्यानं आरशात बघून न विचारता वेग कमी केला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मंजिरीच्या घरी जाऊन कानाला रेकॉर्डर लावला आणि सातही पानं पुन्हा लिहिली. एक शब्द ऐकायचा, थांबवायचं, तसाच लिहायचा. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही. हात सारखा ळकडे वळायचा. ‘मी लिहूनच राह्यली’ हे लिहायला मला चार वेळा खोडावं लागलं. वही काढून सागरची हीरसुद्धा जागेवर आणली. मंजिरी म्हणाली, “आत्या, उद्या गाडी आहे तुझी, झोप.” प्रज्ञानं छापू नका म्हटलं होतं, तेव्हा या पानांचा उपयोग काय हे मला माहीत नव्हतं. पण ती तिची होती, तिला देऊन जायची होती.

कसबा पेठ, सोमवार

सकाळी साडेआठला गल्लीत शिरले तेव्हा आधी वाटलं, समोरचं घर पाडलं. गल्लीच्या तोंडाशी एवढा उजेड कधी असत नाही.

भिंत निळी झाली होती. पायथ्यापासून वरच्या कौलांपर्यंत. खाली उन्हाळ्यातल्या दुपारचा पांढुरका, फिकट निळा, आणि वर वर जात तो गडद होत होता, आमच्याकडे सूर्य बुडाल्यावर कपाशीच्या शेतांवर उतरतो तो. त्या निळ्यात अक्षरं होती, पण लगेच दिसत नव्हती. निळ्याच्याच दुसऱ्या निळ्यात, कडा विरघळलेल्या. चार पावलं मागे गेले, समोरच्या ओट्याला पाठ टेकली, तेव्हा ती एकदम पुढे आली. दुमजली उंचीची अक्षरं. आभाय. आणि वर दोन छपरांच्या मधली खरी आकाशाची पट्टी त्या रंगाला जाऊन मिळाली होती, कुठे जोड आहे ते कळत नव्हतं.

मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. भांडी ठोकणं चालू होतं, स्कूटर हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या. एवढ्याशा गल्लीत कुणीतरी माझ्या गावचं अख्खं आकाश आणून उभं केलं होतं आणि माझ्या आईनं ज्या नावानं त्याला हाक मारली असती, त्याच नावानं हाक मारली होती. मला हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत, पण वाटले.

मग जवळ गेले तर ‘य’वर खडूची रेघ दिसली. उंच माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, ‘य’च्या पायाशी, ठसठशीत काट. शेजारी नेटका ळ. आणि त्या ळखाली, ‘आधी मराठी शिका, मग भिंती रंगवा.’ अक्षर सुरेख होतं. शुद्धलेखनही निर्दोष, मी सवयीनं तपासलं.

तात्या बाहेर आले. “मी नाही हो,” ते न विचारता म्हणाले. “मी असतो तर रेघ तरी सरळ मारली असती. काल रात्रीपर्यंत नव्हतं, सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी असेल.” मग चष्मा वर करून भिंतीकडे बघत म्हणाले, “मी काल तिला विचारलं, हे काय? म्हणाली, आभाळ. म्हटलं, मग तसं लिहा. म्हणाली, तसंच लिहिलंय. आता आपण शिकलेल्या दिसता. आपणच सांगा, हे बरोबर आहे का?”

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारलाय आणि उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही.

मी म्हटलं, “तात्या, खडू देता?”

त्यांनी खिशातला खडू काढून दिला. भांडी उतरवायचं स्टूलही आणून ठेवलं. “पडलात तर जबाबदारी आपली,” म्हणाले, आणि स्टूल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

सागरचा नियम माझ्या लक्षात होता. अंगावर चढायचं नाही, खाली लिहायचं. अक्षरं संपतात तिथे, ‘य’च्या बरोबर खाली, मी टिंबं द्यायला सुरुवात केली. कागदावर ही टिंबं सुईच्या टोकाएवढी असतात. इथे प्रत्येक टिंब रुपयाएवढं काढावं लागलं. हात थरथरत होता. निळं बोट पांढरं झालं. रांग पुरी झाली तशी मी स्टूलवरून उतरले, भिंतीच्या कडेला गेले, कारण समास तिथे होता, आणि छापखान्यात लिहिते त्याच अक्षरात, फक्त हातभर मोठं, लिहिलं: राहू द्या.

तात्यांनी विचारलं, हे काय नवीन. मी सांगितलं, ही आमची खूण आहे. जे खोडलं ते मुळात बरोबर होतं, असा तिचा अर्थ. ते जवळ जाऊन टिंबं मोजून आले.

“सही कोणाची लागते त्याला?” त्यांनी विचारलं.

“तपासणाऱ्याची.”

“मग करा ना. बिनसहीच्या कागदाला इथं कोण विचारतं?”

मी सही करत असताना मागे टकटक वाजलं. कॅनमधली गोळी. प्रज्ञा ऑफिसचे कपडे घालून, पाठीला पिशवी लावून उभी होती. शेवटची पांढरी किनार राहिली होती, ती काढून पुढे खराडीला जायची होती. तिनं आधी काट पाहिली. तिचा चेहरा बंद झाला, काल झाला होता तसा. मग नजर खाली टिंबांवर आली, टिंबांवरून समासात आली. तिच्या बाबांनी तिला अक्षरं शिकवली होती, खुणा शिकवल्या नव्हत्या, पण ‘राहू द्या’ कुणालाही वाचता येतं.

मी पिशवीतून सात पानं काढून तिला दिली. म्हटलं, छापणार नाही, तू नाही म्हणालीस तेव्हाच विषय संपला, ही फक्त तुझ्याजवळ ठेव. ती उभ्या उभ्या वाचू लागली. या वेळी एकही पान सोडलं नाही. एका ठिकाणी तिचे ओठ हलले. कुठला शब्द होता ते मला दिसलं नाही.

पानं तिनं पिशवीत घातली. कॅनची कॅप बदलली, सगळ्यांत बारीक बसवली आणि भिंतीशी गेली. मला वाटलं आता काट पुसेल. तिनं काटेला हात लावला नाही. माझ्या खडूच्या अक्षरांवरून तिनं पांढऱ्या रंगाची रेघ फिरवली, माझी वळणं, माझी थरथर जशीच्या तशी ठेवत. मग टिंबं, एकेक करून. मग सही.

तात्या म्हणाले, “आणि त्या गृहस्थांचा ळ?”

“तो खडूचा आहे,” ती म्हणाली. “जाईल.”

तिनं कॅन पिशवीत टाकला, घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळली. मॅडम म्हणाली नाही.

“छापा मावशी. पण जशी बोलली तशी.”

“हो,” मी म्हणाले. आणि मग माझी मीच चूक काढली.

“हाव वं,” म्हटलं.